एक पोतं विलायती खत

आधीच सांगून ठेवतो, माझं उर्दू उत्तम आहे. चौसाळ्यात आणि आसपासच्या दहा-बारा गावांत कुणाला सरकारदरबारी अर्ज करायचा असला, की तो आधी माझ्या ओसरीवर यायचा. म्हैस हरवली, बांध कोरला, सावत्र भाऊ वाटणी देत नाही, सगळ्या तक्रारी मी अशा झोकदार उर्दूत मांडायचो की ज्याची म्हैस हरवली त्याला वाटावं, बरं झालं हरवली. पुढं जे घडलं त्यावरून गावातले काही लोक माझ्या उर्दूबद्दल जे बोलतात, ते निव्वळ मत्सरापोटी बोलतात. ते काय बोलतात हे मी सांगणार नाही. गोष्ट ऐकली की तुम्हीही तेच बोलाल.

फसली तेराशे एकोणचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकोणतीसच्या अखेरीचं साल नुकतंच लागलं होतं. मी चौसाळ्याच्या सरकारी शाळेत मास्तर होतो, पण 'आरजी'. आरजी म्हणजे तात्पुरता. नऊ वर्षं तात्पुरता. या नऊ वर्षांत शाळेचं छप्पर दोनदा बदललं, हेडमास्तर तीन बदलले, माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या एका पोराला दोन पोरं झाली, पण मी आपला तात्पुरताच. 'मुस्तकिल', म्हणजे कायम, व्हायला आता फक्त एक कागद कमी होता. बीडच्या तहसीलदार साहेबांनी दोन ओळींची शिफारस द्यायची होती, की सदर इसम वर्तनाने चांगला असून त्याचं उर्दू उत्तम आहे. तो कागद बीडला साहेबांच्या मेजावर पडून होता.

शिफारशीची वाट मी बघत होतो, आणि आमच्या घरात दुसरीच खटपट चालू होती.

"मी खंडोबाला बोलले आहे," मंजुळाबाई, म्हणजे आमचं कुटुंब, एक दिवस म्हणाली. "चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यावर कांद्याची पात ठेवीन ती घरच्या वाफ्यातली ठेवीन. इकडची नोकरी तेवढी कायम होऊ दे."

आमच्याकडे चातुर्मासात कांदा वर्ज्य. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि पातीचा कांदा दाखवायचा, आणि मग घरात कांदा शिजायला लागायचा. हे दरवर्षीचंच. पण घरची पात म्हणजे काय?

"अगं, बाजारात हवी तेवढी मिळते की पात," मी म्हणालो.

"विकतची पात वाहिली तर देव नोकरीसुद्धा विकत घ्यायला लावेल."

खरं सांगायचं तर नवसापेक्षा मला साहेबांच्या शिफारशीवर भरवसा होता. पण नऊ वर्षं तात्पुरत्या राहिलेल्या माणसानं देवाला नाराज करू नये, एवढी अक्कल मला होती.

अडचण एकच. आमच्या घरामागची जमीन म्हणजे शुद्ध मुरूम. तिथं आघाडासुद्धा दहादा विचार करून उगवतो.

आमचे शेजारी आश्रुबा. ओढ्याकाठी त्यांचा कांद्याचा मळा. माणूस असा की कांद्याशिवाय दुसऱ्या विषयावर मत देणार नाही, आणि कांद्यावर विचारल्याशिवाय राहणार नाही. मी परसात उभा राहून मुरूम न्याहाळतोय म्हटल्यावर ते कुंपणाशी आलेच.

"मास्तर, कावून मातीकडं बघायलात? काय हरवलं का?"

मी नवसाची हकीकत सांगितली. 'आता त्या शिपारशीची बी सांगा,' आश्रुबा म्हणाले. मी म्हणालो, "आश्रुबा, शिपारस नव्हे. शिफारस. फ."

"आसंल," ते म्हणाले. "हे बघा, शेणखत घाला. दोन साल कुजलेलं, जुनं. माझ्या उकिरड्यातलं न्या चार पाट्या. बारके कांदे लावा, मईन्या-सव्वा मईन्यात पात गुडघ्याला लागंल. बाकी काय न्हाई."

आता इथंच माझं सगळं संपायला हवं होतं. चार पाट्या शेणखत, बारके कांदे, नैवेद्य, मंगलारती. पण शिकलेल्या माणसाची एक खोड असते, सोपं सांगितलेलं त्याला पटत नाही. माझ्याकडे बार्शीहून आलेली एक पुस्तिका होती. तिच्यात छापलं होतं की नुसतं शेणखत घालणं ही जुनी पद्धत आहे. निम्मं शेणखत आणि निम्मं विलायती खत मिसळून दिलं तर पात दाट, रुंद आणि हिरवीगार येते. विलायती खत म्हणजे एक पांढरी भुकटी, मिठासारखी. बार्शीच्या पेठेत पोत्यानं मिळते. मी तो मजकूर आश्रुबांना मोठ्यानं वाचून दाखवला.

"जमिनीला मीठ घालतेत व्हय?" ते म्हणाले. आणि बिचारे मान हलवत घरात गेले.

दसऱ्यानंतर आमच्या गावचा गाडीवान धुळाजी सरकी घेऊन बार्शीला निघाला होता. त्याला पैसे देऊन मी पोतं आणायला सांगितलं. बार्शी इंग्रजांकडे, चौसाळा निजामाकडे. मध्ये सरहद्दीवर करोडगिरीचा नाका. आत येणाऱ्या मालावर तिथं जकात पडायची. धुळाजी परत आला तो सहाव्या दिवशी, कपाळाला आठ्या घालून.

"मास्तर, तुमच्या पायी मी नाक्यावर दोन दिस बसून होतो. नाकेदार म्हणला, हे मीठ हाय, जकात भर. म्या म्हणलं, खत हाय. मग त्यानं चिमूट घेतली न् जिभंवर ठिवली."

"मग?"

"मग तोंड धुतलं चारदा. म्हणला, मीठ न्हाई, साखर न्हाई, सोडा न्हाई, मंग हाय तरी काय? तहशिलीचा परवाना आन. पोतं सोडलं, पर माझा अंगठा घेतला कागदावर. एका मईन्यात परवाना न्हाई दिला तर माझी बैलजोडी जाईल."

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "आजच अर्ज लिहितो."

आणि मी अर्ज लिहिला. काय लिहिला! ताजी शाई केली, बोरू नवा तासला. 'फिदवी', म्हणजे आपला नम्र सेवक, 'अर्ज करतो की' इथपासून सुरुवात करून एका दमात लिहीत गेलो. मराठीत सांगायचं तर मजकूर असा होता: फिदवीने एक पोते विलायती ख़त मागविले आहे. ते घरच्या जुन्या ख़तात मिसळून जमिनीत पुरण्याचा विचार आहे. यायोगे येथील प्याज जोमाने वर येईल. तरी परवाना मिळावा.

ख़त हा शब्द मी 'तोय', म्हणजे उर्दूतला भारदस्त त, घालून लिहिला. साध्या 'ते'नं लिहिणारे लिहोत. उर्दूत शब्दाच्या शेवटी कुठला त येतो हे ज्याला कळलं त्याला उर्दू कळलं, असं मी वर्गात नेहमी सांगतो. अर्ज वाळू टाकून सुकवला, मंजुळाबाईला लांबून दाखवला आणि टपालात टाकला.

मग मी कामाला लागलो. मुरूम खणला. दोन वाफे केले. आश्रुबांच्या उकिरड्यातलं शेणखत आणलं, कारण निम्मं तरी तेच लागणार होतं. पोत्यातलं विलायती खत अंदाजानं ओतलं. पुस्तिकेत माप दिलं होतं, पण ते कुठल्याशा पौंडात होतं, आणि मला वाटलं, नवस मोठा आहे तर दोन मुठी जास्त पडल्या म्हणून काय बिघडतं? बारके कांदे लावले, पाणी दिलं.

उरलेलं मिश्रण वरून द्यायचं होतं. ते मी एका रांजणात तयार करत होतो, तेव्हा समोरच्या बायडाबाई आल्या. त्यांचा कांद्याशी संबंध फक्त चिरण्याचा. पण सल्ला द्यायला तेवढा पुरतो.

"मास्तर, राख घातली का? राखंबिगर कांद्याला जोर न्हाई. माझी सासू घालायची."

पुस्तिकेत राखेबद्दल काहीच नव्हतं, म्हणजे मनाई पण नव्हती. मी चुलीतली दोन घमेली राख रांजणात टाकली, पाणी शिंपडलं, काठीनं ढवळलं आणि वर परात झाकून ठेवली. मुरू दे म्हटलं रात्रभर.

सकाळी परात उचलली. मित्रहो, घोड्यांचा तबेला वर्षभर झाडला नाही तर जो वास येईल तो कुणीतरी गाळून रांजणात भरून ठेवला होता. एकदम नाकात गेला तो थेट मेंदूत. डोळ्यांतून धारा लागल्या. मी ओरडलो म्हणून मंजुळाबाई धावत आली, तीही डोळ्याला पदर लावून भिंतीला टेकली. बायडाबाई कुंपणावरून डोकावल्या आणि "आगं माय माय" म्हणत खाली बसल्या. वारा गल्लीच्या दिशेनं होता. पाच मिनिटांत सारी गल्ली ओक्साबोक्शी रडत होती.

नेमके त्याच वेळी पोलिसांतले चांदखाँ जमादार दारात आले. सगळ्यांना रडताना बघून त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला.

"कोण गेलं, मास्तर?" त्यांनी हळूच विचारलं. तेवढ्यात त्यांचेही डोळे भरून आले.

"कुणी नाही," मी म्हणालो. "खत आहे."

हे ऐकल्याबरोबर जमादारांनी फेटा परत घातला. "म्हंजे कबूल हाय तर," ते म्हणाले. "मी त्याच कामाला बीडहून आलोय. विलायतेहून खत आलं तुमाला?"

"आलं की," मी अभिमानानं म्हणालो. माझ्या अर्जाची इतक्या तातडीनं दखल घेतली गेली, याचं मला फार बरं वाटलं.

"किती?"

"एक पोतं."

जमादार ओट्यावर बसले. "पोतंभर?"

"जास्तच मागवणार होतो. म्हटलं, आधी एवढं बघू काय गुण येतोय."

"न् ते हाय कुठं?"

"काही जमिनीत पुरलं. काही या रांजणात शेणात कालवलंय."

"शेणात? कावून?"

"एकदा शेणात कुजलं की ओळखूच येत नाही, कुठलं विलायती आणि कुठलं घरचं."

जमादारांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू इतका पोचलेला माणूस त्यांनी पंचवीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. त्यांनी बंडीतून कागद काढला. त्यांना लिहिता येत नव्हतं. आमच्या भागात कुठल्याही गावी जबाब घ्यायचा झाला की ते मलाच बोलवायचे. तेव्हा आत्ताही त्यांनी कागद माझ्यापुढंच ठेवला. मी माझाच जबाब लिहायला घेतला, पुन्हा त्याच झोकात.

"लिवा," जमादार म्हणाले, "हे समदे खत लिवणारा कोण?"

"खत कुणी लिहितं का, जमादार?" मी हसलो.

"मंग आपोआप लिवून येतेत?"

मी हसत हसतच बोरू उचलला. 'ख़त' लिहायला घेतलं. खे लिहिला. तोय लिहिला. तोयची उभी काठी ओढली, आणि हात तिथंच थांबला.

ख़त! तोयवाला ख़त म्हणजे पत्र. चिठ्ठी. वर्गात दर शनिवारी पोरांना 'वालिद साहेबांस ख़त लिहा' म्हणून मीच सांगतो. शेतात टाकतात ते आपल्या मराठीत खत. उर्दूत त्याला म्हणतात खाद. खाद! दोन अक्षरी शब्द. आणि मी, दहा-बारा गावांचा अर्ज लिहिणारा, सरकारला लिहून कळवलं होतं की मला विलायतेहून पोतंभर गुप्त पत्रं आली असून ती मी जमिनीत पुरणार आहे.

डोळ्यांतून पाणी वाहतच होतं, त्यात खरं पाणीही मिसळलं. एक शब्द बोललो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. 'जमादार, ख़त नाही, खाद.' बस. पण हा शब्द बीडला गेला असता. तिथं साहेबांच्या मेजावर दुसरा कागद होता, ज्यावर लिहायचं होतं की याचं उर्दू उत्तम आहे.

"लिहिणाऱ्याचं नाव मला सांगता येणार नाही," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

जमादारांनी टाचा जुळवून मला सलाम केला.

जमादार जबाब घेऊन बीडला गेले. तिथून हुकूम येईपर्यंतचे तीन आठवडे सांगायला मला संकोच वाटतो, कारण ते फार सुखाचे गेले. मास्तरला विलायतेहून पत्रं येतात, पोत्यानं येतात, ही बातमी घाटनांदूरपर्यंत गेली. ज्यांनी कधी मला राम राम घातला नाही ते रस्त्यात थांबू लागले. वाण्यानं गूळ घरपोच पाठवला. बायडाबाई एका दुपारी येऊन म्हणाल्या, "मास्तर, तिकडं लिवाल तवा माझ्या जावयाचं बी लिवा. लई पितो."

"बायडाबाई, विलायतेहून तुमच्या जावयाला काय होणार?"

"कुठून तरी होऊ द्या," त्या म्हणाल्या.

एकटे आश्रुबा बदलले नाहीत. ते रोज कुंपणाशी येऊन माझ्या वाफ्याकडं बघत आणि जीभ चुकचुकत. कारण पात आली होती, पण शेंडे करपले होते. पिवळे, सुकलेले, वरून जाळल्यागत. विलायती खत जास्त झालं होतं. मी पुस्तिका उघडून बघितली. तिच्यात लिहिलं होतं, 'प्रमाण अधिक झाल्यास पीक करपते.' हे वाक्य मी आधी वाचलं नव्हतं असं नाही. ते इतरांसाठी आहे असं मला वाटलं होतं.

मंजुळाबाईनं वाफ्यात चार दिवस भरपूर पाणी सोडलं, करपलेले शेंडे खुडले, आश्रुबांकडून जुन्या शेणखताच्या आणखी दोन पाट्या आणून पसरल्या, आणि पोत्याचं तोंड शिवून टाकलं. पंधरा दिवसांत पात अशी काही उठली की आश्रुबा कुंपण ओलांडून आत आले.

"रुंद आली ओ मास्तर," ते पात चिमटीत धरून म्हणाले. "माझ्यापेक्षा रुंद हाय. त्या मिठात काईतरी हाय, पर घालावं चिमटीनं. न् हाताखाली माझं शेणखत पायजेच."

पुस्तिकेत निम्मं-निम्मं लिहिलं होतं, आमच्याकडे पाटीभर शेणखताला चिमूटभर ठरलं. मी मान्य केलं नाही, पण मनात नोंद घेतली.

षष्ठीच्या आदल्या दिवशी धुळाजी रडत आला. परवान्याची मुदत संपली होती. आणि बीडहून निरोप होता की उद्या खुद्द तहसीलदार साहेब येणार, वाफे खणून पुरलेले ख़त जप्त करणार, मग परवान्याचं बघणार.

त्या संध्याकाळी मी मंजुळाबाईला सगळं सांगितलं. ख़त काय, खाद काय, तोय काय, सगळं. ती वांगी निवडत होती. ऐकून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मग साहेबांना सांगून टाकायचं," ती म्हणाली.

"काय सांगू? नऊ वर्षं उर्दू शिकवणाऱ्या मास्तराला खत आणि ख़त यातला फरक कळला नाही म्हणून? मग शिफारस करतील?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"नाही सांगितलं तर माझं उर्दू चांगलं राहतं."

"कुठं राहतं? तुरुंगात? मी खंडोबाला नोकरी मागितली होती," मंजुळाबाई म्हणाली, "तुरुंगातली कायम जागा नव्हती मागितली."

सकाळी भरताची वांगी चुलीत होती, रोडगे झाले होते, पात तेवढी काढायची राहिली होती, आणि दारात साहेबांचा टांगा थांबला. साहेब सडपातळ, पडशानं बेजार, गळ्याला मफलर. मागं कागदांची मिसल घेतलेला पेशकार, म्हणजे साहेबांचा कारकून, जमादार आणि कुदळी घेतलेले दोन गडी. आणि त्यांच्यामागं उभा चौसाळा. आडवा पण होता, झाडावर बसलेली माणसं धरून.

पेशकारानं मिसल उघडून वाचलं. माझ्या अर्जाखाली चार जणांचे शेरे होते. त्यातल्या एकात लिहिलं होतं, 'प्याज' हा सांकेतिक शब्द असावा. दुसऱ्यात, 'जोमाने वर येणे' म्हणजे बंड.

"खणा," साहेब म्हणाले आणि शिंकले.

गडी वाफ्याकडं निघाले तेव्हा मंजुळाबाई वाफ्यात जाऊन उभी राहिली. नवऱ्याचं नाव न घेणारी, चारचौघांत मान वर न करणारी आमची मंजुळाबाई, पदर खोचून, गुडघाभर पातीत.

"आधी नैवेद्य होईल, मग कुदळ लागेल," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून एकच वाक्य बोलली. "बोलायचं आहे का इकडून काही, की मीच बोलू?"

मला तिची लाज वाटली नाही. माझी वाटली. या बाईनं नऊ वर्षं तात्पुरत्या पगारात कायमचा संसार केला होता, आणि मी एका तोयपायी तिचा वाफा खणू देत होतो.

"हुजूर," मी पुढं होऊन मोठ्यानं म्हणालो, म्हणजे सगळ्या गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "चूक माझी आहे. मला लिहायचं होतं खाद. मी लिहिलं ख़त. मराठीत आम्ही खादला खतच म्हणतो. बोलीतला शब्द मी ऐटीत उर्दूत नेऊन बसवला. पत्र एकही नाही. पोतं तिथं आहे. माझं उर्दू... माझं उर्दू कच्चं आहे."

झाडावरचं एक पोरगं हसलं, त्याला मी तीन वर्षं उर्दू शिकवलं होतं. आश्रुबा शेजाऱ्याला विचारत होते, "म्हंजे त्याला शेणखत कळलंच न्हवतं व्हय पयलं?" मंजुळाबाई वाफ्यातून हलली नव्हती.

साहेबांनी पोत्याची शिवण उसवून आत हात घातला, भुकटी बघितली. वाफ्यातलं शेणखत बघितलं. मग मिसलीतल्या चार शेऱ्यांकडं बघितलं, आणि पेशकाराकडं. पेशकारानं आभाळाकडं पाहिलं.

"मास्तर, जरा आत या," साहेब म्हणाले.

आत ओसरीवर बसून त्यांनी रुमालानं नाक पुसलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही एक ख़त लिहिलंत. माझ्या कचेरीत चार शहाणे बसले आहेत, पाचवा मी. एकाच्याही डोक्यात आलं नाही की पत्रं पोत्यानं कोण पाठवतं. मी वर औरंगाबादला कळवून बसलोय, की मोठा कट सापडला आहे." ते पुन्हा शिंकले. "आता वर काय लिहू? कांदे सापडले म्हणून?"

त्यांचा चेहरा बघून मला एकदम ओळख पटली. गेले तीन आठवडे हाच चेहरा मी पाण्याच्या घंगाळात पाहत होतो.

"हुजूर," मी म्हणालो, "परवानगी असेल तर मी लिहितो."

साहेबांनी कागद पुढं केला. मी बोरू घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रत्येक शब्द दोनदा तोलून लिहिला. 'मौक्यावर जाऊन खुद्द तहकीकात केली. सर्व ख़त जुने असून कुजून मातीस मिळालेले आढळले. त्यातून सरकारास धोका पोहोचेल असा एकही शब्द वाचता आला नाही. प्याज प्रत्यक्ष पाहिला, तो वर आला आहे, पण शांत आहे. सबब मिसल बंद करावी, आणि गाडीवान धुळाजी यास परवाना द्यावा.'

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. पडसं असूनसुद्धा ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "वाह," ते म्हणाले. "एक अक्षर खोटं नाही, आणि एक अक्षर खरं नाही. मास्तर, याला म्हणतात उर्दू."

तोवर मंजुळाबाईनं देवापुढं नैवेद्य दाखवला होता. "येळकोट येळकोट" झालं. तिनं पातीची एक जुडी, रोडगा आणि भरीत ताटात घालून साहेबांपुढं आणलं. साहेबांनी पातीची काडी मिठाला लावून कडाकड खाल्ली, दुसरी घेतली, तिसरी घेतली, आणि म्हणाले की आज पंधरा दिवसांनी नाक मोकळं झालं.

मग त्यांनी स्वतःच पेशकाराच्या हातातली दौत मागून घेतली. एरवी साहेबांचा सगळा मजकूर पेशकार लिहीत, साहेब नुसती सही करत. पण त्या दिवशी पेशकार साहेबांच्या मर्जीतून उतरला होता. त्यांनी मिसलीला जोडून आणलेला माझ्या शिफारशीचा कागद काढला आणि आपल्या हातानं दोन ओळी लिहिल्या, की सदर इसम वर्तनाने चांगला असून उर्दूवर त्याचे असामान्य प्रभुत्व आहे. यास मुस्तकिल करावे.

कागद माझ्या हातात आला. मी वाचला. 'मुस्तकिल' हा शब्द साहेबांनी चुकीच्या क-नं लिहिला होता. मोठा क़ाफ़ हवा होता, तिथं साधा काफ़ पडला होता. पहिलीतलं पोरगं हातावर छडी खाईल अशी चूक.

साहेब माझ्याकडं बघत होते. "ठीक है ना, मास्तर?"

मंजुळाबाई दाराआडून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता येत होता. "काय झालं?" तिनं हलकेच विचारलं. "काही चुकलंय का?"

"काही नाही," मी म्हणालो आणि कागदाची घडी घातली. "फार सुंदर लिहिलंय."